वाळवंटातील पाऊलखुणा : ‘हेल्स हीरोज’ आणि दरोडेखोराच्या उद्धाराची कथा

१

कोणत्याही कलाप्रकाराचा इतिहास प्रायः त्यातील शिखरकृतींच्या आधारे लिहिला जातो. ते काही अंशी अपरिहार्यही असते. परंतु चित्रपटासारख्या, बाजारपेठेच्या मागणीप्रमाणे घडत गेलेल्या कलेच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. शिखरकृती ज्या पायावर उभ्या राहिल्या तो पाया थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत तयार झालेल्या आणि पुढल्या हंगामात विसरल्या गेलेल्या चित्रपटांचा आहे. अमेरिकन ‘वेस्टर्न’ या प्रकाराला तर हे विशेषत्वाने लागू पडते. घोडेस्वार, बँकेची लूट, पाठलाग आणि वाळवंट यांची ठरीव मांडणी असलेल्या या चित्रपटांकडे समीक्षकांनी दीर्घकाळ करमणुकीचा घाऊक माल म्हणूनच पाहिले. त्या मालातूनच एखादी अस्सल कृती कशी निर्माण होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे विल्यम वायलर यांचा ‘हेल्स हीरोज’ हा चित्रपट. १९२९च्या अखेरीस आणि १९३०च्या आरंभी युनिव्हर्सल कंपनीने तो प्रदर्शित केला. त्याची लांबी जेमतेम सव्वा तासाच्या आतली आहे. त्यात काम करणारे कोणीही त्या काळचे पहिल्या प्रतीचे तारे नव्हते. याच कथेवर जॉन फोर्ड यांनी १९४८ मध्ये काढलेला रंगीत चित्रपट आजही आवर्जून पाहिला जातो. वायलर यांचा चित्रपट मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही.

असे असूनही, दरोडेखोराचा उद्धार या कल्पनेचा विचार करू जाता, या उपेक्षित चित्रपटाने उपस्थित केलेला प्रश्न त्याच्या नामवंत वारसदारापेक्षा अधिक कठीण आहे. ज्याने रक्त सांडले आहे त्याचा उद्धार शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास त्याची किंमत कोणी व किती द्यावयाची, हा तो प्रश्न होय.

२

‘हेल्स हीरोज’चे मूळ पीटर बी. काइन या सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकप्रिय कथाकाराच्या ‘द थ्री गॉडफादर्स’ या १९१३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या छोटेखानी कादंबरीत आहे. बँक लुटून वाळवंटात पळालेल्या तिघा दरोडेखोरांना वाटेत एक आसन्नप्रसवा स्त्री भेटते. मूल जन्माला येते, माता मरते, आणि मरताना ती त्या तिघांना मुलाचे धर्मपिते नेमते. ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या धार्मिक संगोपनाची जबाबदारी घेणारा तो धर्मपिता. हे नाते रक्ताचे नसते, शब्दाचे असते. दिलेला शब्द पाळण्याचा ज्यांचा लौकिक नाही अशा माणसांवर हे शब्दाचे नाते येऊन पडावे, यात या कथेचे बीज आहे.

कथेतील रूपक काइन यांनी लपविलेले नाही. बाळ येशूच्या दर्शनासाठी पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची कथा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. परंपरेने त्यांची संख्या तीन मानली. येथे त्यांच्या जागी तीन दुर्जन आहेत. मुलाला घेऊन ज्या गावी पोहोचावयाचे त्याचे नाव न्यू जेरुसलेम, म्हणजे ‘प्रकटीकरण’ या ग्रंथात वर्णिलेली मुक्तांची नगरी. आणि दिवस नाताळचा. असे उघड रूपक बोधकथेच्या अंगाने जाण्याचा धोका असतो, व काइन यांच्या लेखनातील भाविकपणा पाहता तो त्यांनी सर्वस्वी टाळला असे म्हणता येत नाही.

ही कल्पना चित्रपटसृष्टीला नवी नव्हती. ‘ब्राँको बिली’ या नावाने प्रसिद्धी पावलेले गिल्बर्ट एम. अँडरसन यांनी १९१० मध्ये ‘ब्राँको बिलीज रिडेम्प्शन’ या लघुपटातून स्वतःच्या सुटकेवर पाणी सोडून परक्याच्या मदतीला धावणारा फरारी माणूस पडद्यावर आणला होता. विल्यम एस. हार्ट यांनी त्या पात्राला गांभीर्य दिले. त्यांच्या १९१६च्या ‘हेल्स हिंजेस’मध्ये धर्मोपदेशकाला पिटाळून लावण्यासाठी आणलेला बंदूकबाज त्याच्या बहिणीच्या दर्शनाने बदलतो आणि अखेरीस पापी गावालाच आग लावतो. ‘चांगला दुर्जन’ हा नायक अशा रीतीने वेस्टर्नमध्ये स्थिरावला. त्याच वर्षी एडवर्ड लेसेंट यांनी काइन यांच्या कथेवर युनिव्हर्सलसाठी पहिला चित्रपट काढला. त्यात हॅरी केरी यांची भूमिका होती. १९१९ मध्ये तरुण जॉन फोर्ड यांनी केरी यांनाच घेऊन ‘मार्क्ड मेन’ या नावाने तीच कथा पुन्हा चित्रित केली. त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या मोठ्या संख्येच्या वाट्याला जे आले तेच त्याच्याही वाट्याला आले.

तेव्हा वायलर यांच्याकडे ही कथा आली त्या वेळी ती जुनी आणि वापरलेली होती. युनिव्हर्सलच्या दृष्टीने ती हाताशी असलेली मालमत्ता होती, एवढेच.

३

युनिव्हर्सलचे संस्थापक कार्ल लेमली हे जर्मनीतील लाउपहाइम गावचे. वायलर यांचा जन्म १९०२ मध्ये आल्सास प्रांतातील म्यूलूझ येथला, आणि आईकडून त्यांचे लेमली यांच्याशी नाते होते. १९२०च्या सुमारास ते अमेरिकेत आले आणि युनिव्हर्सलमध्ये हरकाम्या म्हणून लागले. नातेवाइकांना नोकरी देण्याबद्दल लेमली यांची थट्टा होत असे. परंतु त्या आश्रयाचा वायलर यांनी केलेला उपयोग पाहिला म्हणजे थट्टेचे कारण उरत नाही. १९२५ ते १९२७ या काळात त्यांनी ‘मस्टँग’ मालिकेतील दोन रिळांचे वीसएक वेस्टर्नपट दिग्दर्शित केले. असा एक चित्रपट सुमारे तीन दिवसांत आणि सुमारे दोन हजार डॉलरमध्ये पूर्ण करावयाचा असे. घोड्यावर चढणे आणि घोड्यावरून उतरणे या दोन क्रिया किती निरनिराळ्या रीतींनी दाखविता येतील, याचा विचार त्या काळात सतत करावा लागे. पुढे ‘मिसेस मिनिव्हर’, ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ आणि ‘बेन-हर’ यांसाठी तीनदा दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळविणाऱ्या या कलावंताची उमेदवारी अशी होती.

‘हेल्स हीरोज’ तयार झाला तो काळ चित्रपटमाध्यमाच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. १९२७च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ने बोलपटाचा मार्ग खुला केला. परंतु ध्वनिमुद्रणाची तत्कालीन यंत्रसामग्री स्टुडिओच्या बंद दालनातच नीट चाले. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिग्राहकात शिरू नये म्हणून कॅमेरा आणि छायाचित्रकार यांना गाद्या लावलेल्या बंद पेटीत कोंडावे लागे. कॅमेरा जणू जखडला गेला. ज्या प्रकाराचे सारे सामर्थ्य मोकळ्या जागेत होते, त्या वेस्टर्नवर हे मोठेच संकट होते. फॉक्स कंपनीच्या ‘इन ओल्ड ॲरिझोना’ने बोलपट घराबाहेर नेता येतो हे दाखवून दिले, आणि १९२९ मध्येच व्हिक्टर फ्लेमिंग यांच्या ‘द व्हर्जिनियन’ने त्याला प्रतिष्ठा दिली. ‘हेल्स हीरोज’ हा युनिव्हर्सलचा संपूर्णतः बाह्यचित्रणाचा पहिला बोलपट. वायलर यांचाही तो पहिला पूर्ण बोलपट होता.

चित्रण १९२९च्या उन्हाळ्यात मोहावी वाळवंटात आणि डेथ व्हॅलीच्या पश्चिमेस असलेल्या पॅनामिंट खोऱ्यात झाले. छायाचित्रकार होते जॉर्ज रॉबिन्सन. चालणाऱ्या माणसांबरोबर कॅमेरा चालला पाहिजे असा वायलर यांचा आग्रह होता. त्यासाठी कॅमेऱ्याची ती अवजड पेटी, आतल्या माणसासकट, रुळांवरून ढकलीत न्यावी लागे. आणि ढकलणाऱ्यांनी आवाज करावयाचा नाही. त्या भागातील ऑगस्टचे ऊन लक्षात घेता पेटीतल्या माणसाची अवस्था भट्टीत बसल्यासारखी होत असणार, हे सांगावयास नको. पडद्यावर दिसणारा उन्हाचा ताप आणि पायांचा जडपणा यांत अभिनयाचा भाग किती आणि प्रत्यक्षाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

ध्वनियंत्रणा नसलेल्या चित्रपटगृहांसाठी याच चित्रपटाची मूक आवृत्तीही कंपनीने काढली होती. ही दुहेरी व्यवस्था त्या काळी रूढ होती. परंतु येथे तिला वेगळा अर्थ प्राप्त होतो. चित्रपटाचा गाभा शब्दांवर अवलंबून नसल्यामुळेच तो दोन्ही रूपांत उभा राहू शकला.

४

कथानक थोडक्यात असे आहे. न्यू जेरुसलेम या गावातील बँकेवर चौघे दरोडा घालतात. एक जण तेथेच मारला जातो. त्यांच्या गोळीने बँकेचा रोखपाल मरतो. उरलेले तिघे, बॉब सँगस्टर, बार्बवायर गिबन्स आणि वाइल्ड बिल कर्नी, वाळवंटात पळतात. वादळात घोडे जातात. पाण्याच्या आशेने जेथे पोहोचावे तेथे पाणी नाही, आणि एका गाडीत प्रसूतीच्या घटकेला पोहोचलेली स्त्री एकटी आहे. तिला मुलगा होतो. तिघांना धर्मपिते नेमून, मुलाला त्याच्या बापाकडे पोहोचविण्याची विनवणी करून ती मरते. आणि मुलाचा बाप म्हणजे यांनीच मारलेला तो रोखपाल, हे तिच्या बोलण्यातून त्यांना कळते.

या शेवटच्या तपशिलावर चित्रपटाचे नैतिक वजन पेलले आहे. तिघांच्या पुढे आलेले मूल हे ‘निष्पापतेचे प्रतीक’ वगैरे नाही; ते त्यांचे कर्ज आहे. ज्याच्यापासून त्यांनी बाप हिरावून घेतला त्याचेच बाप होण्याची पाळी त्यांच्यावर येते. करुणेने केलेला उपकार आणि देणे म्हणून केलेली परतफेड यांत मोठा फरक आहे. वायलर यांचे दरोडेखोर उपकार करीत नाहीत. त्यांतला सर्वांत कठोर, चार्ल्स बिकफर्ड यांनी उभा केलेला बॉब, तर प्रारंभी हे ओझे घ्यावयासही राजी नसतो. एकाकी स्त्री समोर दिसताच तिघांच्या मनात जे येते, तेही चित्रपट झाकून ठेवीत नाही. चित्रपटविषयक नीतिसंहितेची १९३४ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाल्यानंतर हा उघडेपणा अशक्य झाला असता.

जखमी बार्बवायर चालण्यास असमर्थ होऊन मागे राहतो. बिल एका रात्री निघून जातो. दोघांच्या मागे राहण्यातला हिशेब एकच: पाणी थोडे आहे, आणि पिणारे जितके कमी तितके मूल अधिक जगेल. या प्रसंगांत भाषणे नाहीत. पाप केल्याची कबुली, देवाची करुणा भाकणे, डोळ्यांतले पाणी, यांपैकी काहीही कॅमेऱ्यापुढे सविस्तर येत नाही.

अखेरच्या टप्प्यात बॉब एकटा उरतो. येथे वायलर यांनी केलेली योजना चित्रपटाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. दमलेला माणूस बंदूक टाकतो, तो क्षण कसा दाखवावयाचा याविषयी दिग्दर्शक व नट यांच्यात मतभेद झाला. रंगभूमीवरून नुकतेच चित्रपटात आलेले बिकफर्ड बंदुकीकडे पाहून ती दूर भिरकावून देऊ इच्छीत होते. वायलर यांचे म्हणणे असे, की इतक्या थकलेल्या माणसाच्या हातून ती नकळत गळून पडेल. शेवटी वायलर यांनी माणूसच दृश्यातून काढून टाकला. कॅमेरा वाळूतल्या पाऊलखुणांवरून सरकत राहतो. पावले वेडीवाकडी होत जातात. वाटेत टाकलेल्या वस्तू एकामागून एक दिसतात. ज्या वस्तूंनी त्या माणसाला दरोडेखोर केले होते त्या मागे पडत जातात, आणि शेवटी त्याच्यापाशी फक्त मूल उरते. मनातील परिवर्तनाविषयी एक शब्द न उच्चारता परिवर्तनाची संपूर्ण प्रक्रिया येथे वाचता येते.

पुढे जे पाणी मिळते ते विषारी आहे. बॉब हिशेब करतो: पाणी न प्यावे तर गावापर्यंत पोहोचणार नाही, प्यावे तर विष भिनेपर्यंत चालण्यापुरते बळ मिळेल. तो पाणी पितो. नाताळच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या न्यू जेरुसलेमच्या लोकांपुढे, भजनाचे सूर चालू असता, तो मूल घेऊन प्रार्थनामंदिरात शिरतो आणि कोसळतो. ध्वनीचा उपयोग वायलर यांनी येथे राखून ठेवला आहे. वाळवंटातील दीर्घ शांततेनंतर समूहगानाचा आवाज ऐकू येतो, तेव्हा माणसांच्या जगात परतल्याची जाणीव प्रेक्षकाला प्रथम कानांनी होते.

५

या चित्रपटातील उद्धाराचे स्वरूप नेमके कोणते? मराठीत पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि उद्धार हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः त्या तीन वेगळ्या अवस्था आहेत. पश्चात्ताप मनात होतो, प्रायश्चित्त कृतीने घ्यावे लागते, आणि उद्धार हा बाहेरून, कोणाच्या तरी कृपेने होतो. भारतीय वाचकाला येथे वाल्याची कथा आठवणे स्वाभाविक आहे. आपल्या पापात कुटुंबातील कोणीही वाटेकरी होणार नाही हे कळल्यावर वाल्याला पश्चात्ताप होतो, वारुळात तो प्रायश्चित्त घेतो, आणि वाल्मीकी म्हणून त्याला नवे जीवन लाभते. ‘हेल्स हीरोज’मध्ये पहिली अवस्था बोलून दाखविलेली नाही आणि तिसरीविषयी चित्रपट मौन पाळतो. त्यात केवळ मधली अवस्था, म्हणजे प्रायश्चित्त, पावलापावलाने दाखविली आहे. बॉबला उत्तरायुष्य नाही. त्याला क्षमा मिळाली काय, याचे उत्तर देण्याचा अधिकार दिग्दर्शकाने स्वतःकडे घेतलेला नाही.

नंतरच्या रूपांतरांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. १९३६ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरसाठी रिचर्ड बोलेस्लाव्स्की यांनी काढलेल्या ‘थ्री गॉडफादर्स’मध्ये चेस्टर मॉरिस, लुइस स्टोन आणि वॉल्टर ब्रेनन यांच्या भूमिका आहेत. स्टोन यांचे पात्र सुशिक्षित आहे. त्यामुळे वाळवंटातील मरणावर थोडे चिंतनही होते. शोकान्त मात्र कायम आहे. १९४८ मध्ये फोर्ड यांनी जॉन वेन, पेद्रो आर्मेंदारीस आणि हॅरी केरी ज्युनियर यांना घेऊन तीच कथा टेक्निकलरमध्ये मांडली. १९४७ मध्ये निवर्तलेल्या थोरल्या केरींच्या स्मृतीस त्यांनी हा चित्रपट अर्पण केला. त्यातील वाळवंटाची दृश्ये अविस्मरणीय आहेत. परंतु फोर्ड यांनी एक मूलभूत बदल केला. त्यांच्या दरोडेखोरांनी मुलाच्या बापाला मारलेले नाही. साहजिकच कर्जाचा प्रश्नच उरत नाही. वाटेत गाढव भेटणे, मृत सोबत्यांचे दर्शन होणे, अशा कृपेच्या खुणा नायकाला तारून नेतात; त्याला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा होते, आणि गाव त्याला प्रेमाने निरोप देते. ही कृपेची कथा आहे आणि कृपेची कथा म्हणून ती सुंदर आहे. तथापि ज्याने फारसे काही मोडलेले नाही त्याला क्षमा करणे समाजाला जड जात नाही. वायलर यांच्या चित्रपटात समाजापुढे उभा राहणारा माणूस त्याच गावातील रोखपालाच्या खुनात भागीदार आहे, आणि त्याच रोखपालाचे मूल त्याच्या हातांत आहे.

कथेचे आयुष्य येथेच संपले नाही. १९७४ मध्ये जॉन बॅडहॅम यांनी दूरचित्रवाणीसाठी ‘द गॉडचाइल्ड’ केला. २००३ मध्ये जपानी दिग्दर्शक सातोशी कोन यांनी ‘टोकियो गॉडफादर्स’ या चलच्चित्रपटात तिघा दरोडेखोरांच्या जागी महानगरातील तीन बेघर माणसे आणली. समाजाने बाहेर टाकलेल्यांच्या हाती समाजाचे भवितव्य सोपविण्याची ही कल्पना वेस्टर्नच्या चौकटीबाहेरही टिकणारी आहे, याचे हे गमक होय.

६

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४८ मध्ये वायलर यांच्यावर लिहिताना त्यांना दृश्यमांडणीतील ‘जान्सेनवादी’ म्हटले. जान्सेनवाद हा सतराव्या शतकातील कॅथलिक पंथातला कडक, निग्रही विचारप्रवाह. स्वतःच्या शैलीचे प्रदर्शन न करता वस्तूलाच बोलू देणारी संयमी दृष्टी बाझँ यांना अभिप्रेत होती. त्यांच्यापुढे वायलर यांचे चाळिशीतील प्रतिष्ठित चित्रपट होते. परंतु त्या संयमाची पहिली ठळक खूण पॅनामिंटच्या वाळूत सापडते. नट आणि दिग्दर्शक यांच्या वादातून, गैरसोयीतून आणि काटकसरीतून ती शैली आकाराला आली. या चित्रपटाच्या यशानंतर वायलर दुय्यम दर्जाच्या वेस्टर्नपटांतून बाहेर पडले आणि १९३१ मध्ये त्यांनी वॉल्टर ह्यूस्टन यांच्यासह ‘अ हाउस डिव्हायडेड’ केला.

या चित्रपटाला आणखी एका अर्थाने ऐतिहासिक मोल आहे. न्यू जेरुसलेम म्हणून पडद्यावर दिसणारे गाव स्टुडिओत उभारलेले नव्हते. ते कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाच्या पूर्वेस, आठ हजार फुटांहून अधिक उंचीवर असलेले बोडी हे खरे गाव. १८७७ नंतर सोन्याच्या खाणींमुळे ते भरभराटीस आले आणि १८८०च्या सुमारास तेथील वस्ती सात ते दहा हजारांपर्यंत गेल्याचे सांगितले जाते. खाणी आटल्या, माणसे निघून गेली. वायलर यांचा चमू तेथे पोहोचला तेव्हा थोडी माणसे आणि ओळीने उभी असलेली पुष्कळ रिकामी घरे एवढेच शिल्लक होते. तीनच वर्षांनी, १९३२ मध्ये लागलेल्या आगीत गावाचा बहुतांश भाग, बँकेच्या इमारतीसह, जळून गेला. १९६२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने उरलेल्या बोडीला ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा दिला. आजही तेथील इमारती आहेत त्या जीर्ण अवस्थेतच जपल्या जातात. आगीपूर्वीचे ते रस्ते हलत्या चित्रांत पाहावयाचे असतील तर या अल्पखर्ची चित्रपटाकडेच वळावे लागते.

खर्च वाचविण्यासाठी निवडलेले गाव अशा प्रकारे इतिहासाचे साधन झाले. फोर्ड यांचा ‘मार्क्ड मेन’ नाहीसा झाला, वायलर यांचा ‘हेल्स हीरोज’ उरला. या उरण्यात गुणवत्तेइतकाच योगायोगाचाही भाग आहे. म्हणूनच जे उरले आहे त्याचे वाचन काळजीपूर्वक होणे आवश्यक ठरते. वेस्टर्नमधील दरोडेखोराचा उद्धार हा भाबड्या प्रेक्षकाला दिलेला दिलासा आहे, असे मत पुष्कळदा व्यक्त केले जाते. ‘हेल्स हीरोज’ पाहिल्यावर ते मत सरसकट टिकत नाही. येथे तिघांच्या मरणानेही रोखपालाचा खून पुसला जात नाही. देणे पुरते फिटत नाही. जेवढे फेडता येण्याजोगे होते तेवढे, म्हणजे एक जिवंत मूल, त्याच्या गावी पोहोचते.